पत्र्याची खोली दुपारी बसण्याजोगी कशी करायची: थर्माकोल, पफ, फॉइल आणि मधली हवा

आमच्या घरामागे, बोअर आणि शेवग्याच्या मधे, दहा बाय पंधराची एक खोली आहे. भिंती विटांच्या, वर लोखंडी पाइपांवर मारलेला पत्रा. बांधली तेव्हा अडगळीसाठीच बांधली होती. जुनी कॉट, कुलर, सोयाबीनची पोती असलं सामान ठेवायला. पुढे मी तिथे अकरावी-बारावीच्या मुलांची फिजिक्सची शिकवणी सुरू केली. लातुरात शिकवणीसाठी जागा शोधणं म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. जून ते फेब्रुवारी ठीक चालायचं. मार्च लागला की दुपारची बॅच वहीनं वारा घेत बसायची. एका एप्रिलमध्ये मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, पंखा फुल्ल केला की जास्तच गरम का होतंय?"

त्या प्रश्नापासून सुरुवात झाली आणि खोलीवर दोनदा खर्च झाला. पहिला वाया गेला, दुसरा कामी आला. दोन्हींतून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण पत्र्याच्या खोलीला "इन्सुलेशन करून द्या" म्हणून माणूस बोलावला की तो त्याच्या दुकानात जे असतं तेच सुचवतो. पीओपीवाला पीओपी, पफवाला पफ (एक प्रकारचा फोम), रंगवाला रंग. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. पण आपल्या खोलीचं दुखणं काय आहे, ते आपल्याला आधी माहीत हवं.

तर पंखा. उष्णता तीन वाटांनी येते, हे शाळेतच शिकवतात: वहन (टेकलेल्या वस्तूतून), अभिसरण (हलत्या हवेबरोबर), प्रारण (तापलेल्या वस्तूतून किरणांच्या रूपात). पत्र्याखाली बसलेल्याला सगळ्यांत जास्त छळते ती तिसरी. मे महिन्यात जुना, मळलेला पत्रा दुपारी सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. असा पत्रा दर चौरस मीटरमागे ७०० वॅटच्या आसपास उष्णता खालच्या दिशेनं फेकत असतो. आपली ३५ अंशांची कातडीही उष्णता फेकते, पण ती ५०० वॅटच्या आसपास. या देण्याघेण्यात आपण रोज दुपारी तोट्यात. त्यात हवेचा काही संबंध नाही; चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तोच प्रकार. म्हणून भिंतीवरचा थर्मामीटर ३९ दाखवत असतो आणि टाळूला मात्र भट्टीखाली बसल्यासारखं वाटतं. पंखा बिचारा पत्र्याला लागून साचलेली सगळ्यांत तापलेली हवा खाली आणून आपल्या अंगावर ओततो. मुलाचा प्रश्न सोळा आणे खरा होता.

आता ही उष्णता किती, याचा अंदाज घेऊ. लातूर साडेअठरा अक्षांशाच्या जवळ आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळपास पडतच नाही, सगळं छतावर. दर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट. दहा बाय पंधराचं छप्पर म्हणजे १४ चौरस मीटर. म्हणजे हजार वॅटच्या चौदा इस्त्र्या पत्र्यावर उलट्या ठेवून चालू केल्यासारखं. यातली बरीचशी उष्णता परावर्तित होते, बरीच वाऱ्यानं उडून जाते. तरी उघड्या पत्र्यातून खोलीत अडीच इस्त्र्यांएवढी, म्हणजे अडीच हजार वॅटच्या आसपास उतरते. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढू शकतो. तो लावला तर त्याची बहुतेक ताकद एकट्या पत्र्याशी झुंजण्यात जाणार. "पत्र्याच्या खोलीत एसी लावला, पण थंडच होत नाही" ही तक्रार यातून येते. दोष मशीनचा नसतो.

हे गणित सासूबाईंना सांगत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या माळवदात दुपारी गोधडी घ्यावी लागायची." त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. माळवद म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर पाला, आणि वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, चोपून घ्यायची. खाली उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब.

पण त्या थराचं वजन बघा. दीड फूट मातीचं वजन एका चौरस मीटरला सातशे किलोच्या वर जातं. माझ्या खोलीएवढ्या छपरावर दहा टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि ही वजनदार माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेले. त्यानंतर आमच्या भागात कित्येकांनी डोक्यावर जड काही नको म्हणून पत्रा स्वीकारला. तापला तर तापला, पडला तरी जीव घेणार नाही. सासूबाई आजही हेच म्हणतात. तेव्हा माळवदाची आठवण काढणं सोपं आहे, पण आपल्याला हवं आहे ते माळवदाचं काम करणारं आणि वजन नसलेलं छप्पर.

ते मिळतं, आणि मिळतं कशातून तर हवेतून. स्थिर हवा ही उष्णतेला अडवणारी फार चांगली वस्तू आहे, फक्त ती हलता कामा नये. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या लादीला लाकडाचा भुसा आणि गोणपाट गुंडाळतात तेव्हा तीच हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. थर्माकोलमध्ये साधारण ९८ टक्के हवाच असते, बारीक बारीक बंद कप्प्यांत कोंडलेली. आपण पैसे मोजतो ते त्या कप्प्यांचे.

कोणतं साहित्य किती अडवतं, याचा हिशोब एका भागाकारात होतो. जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि तिला त्या पदार्थाच्या वाहकतेनं, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज वाहते त्या आकड्यानं, भागायचं. उत्तर जितकं मोठं तितका रोध जास्त. लोखंडी पत्र्याची वाहकता ५० च्या आसपास आणि जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे रोध नसल्यात जमा. दीड फूट मातीचा येतो साधारण अर्धा-पाऊण. दोन इंची थर्माकोलचा १.४. आणि त्या दोन इंची थर्माकोलचं वजन? चौरस मीटरला पाऊण किलो. सातशे किलोंच्या जागी पाऊण किलो, आणि अडवणं मात्र जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त. माझ्या खोलीत अडीच हजार वॅट उतरत होते, ते दोन इंची थर्माकोलनं साडेतीनशेच्या आसपास येतात.

मातीची एक गोष्ट मात्र थर्माकोलकडे नाही. माती उष्णता साठवते. दुपारचं ऊन तिच्यातून हळूहळू उतरत मध्यरात्री खाली पोचतं, तोवर बाहेर गार झालेलं असतं. थर्माकोल साठवत नाही, नुसता अडवतो. रात्रीचा मुद्दा पुढे येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता माझी पहिली चूक. एका कंत्राटदारानं चांदीसारखा चमकणारा बबल शीट आणला. दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचं फॉइल, मधे हवेचे फुगे. त्यानं एक तुकडा पत्र्याखाली धरला, खिशातून तापमान मोजायची गन काढली आणि दाखवली: पत्र्यावर ६१, फॉइलवर ३६. "बघा मॅडम, डायरेक्ट पंचवीस डिग्री कमी." फिजिक्स शिकवणारी मी, मान डोलावली.

दोन गोष्टी तेव्हा डोक्यात यायला हव्या होत्या. पहिली ही की ती गन तापमान मोजत नाही, समोरच्या वस्तूतून येणारं प्रारण मोजते आणि त्यावरून अंदाज करते. फॉइल स्वतः फारसं प्रारण सोडतच नाही, आरशासारखं खालच्या फरशीचं परत पाठवतं. गननं दाखवलेले ३६ हे बरेचसे माझ्या फरशीचे होते. खरं तापमान बघायचं तर फॉइलवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप बोटभर चिकटवायची, दोन मिनिटं थांबायचं आणि त्या टेपवर गन धरायची. मी हे पुढच्या वर्षी केलं. टेपवर ५७ आले.

याचा अर्थ फॉइल फसवं असतं असा नाही. कमी प्रारण सोडणं हाच त्याचा गुण, आणि तो खरा आहे. साध्या पृष्ठभागाच्या मानानं चकचकीत फॉइल विसावा हिस्सा प्रारण सोडतं. पण हा गुण चालायला फॉइलसमोर मोकळी हवा लागते. निदान इंचभर. दुसरी चूक इथे झाली. त्या गृहस्थांनी बबल शीट पत्र्याला चिकटवला आणि दिसायला छान म्हणून लगेच त्याला टेकवून पीव्हीसीचे पॅनेल मारले. वरून पत्रा टेकलेला, खालून पॅनेल टेकलेलं. आता उष्णतेला प्रारण करायची गरजच उरली नाही, ती टेकलेल्या वस्तूतून सरळ वाहत खाली आली. राहिला तो फुग्यांमधल्या चार मिलिमीटर हवेचा रोध. पॅनेल एप्रिलमध्ये तापले, मेमध्ये वाकले, आणि खोलीभर प्लास्टिकचा वास.

फॉइल घ्याच, पण त्याच्या खाली जागा सोडा. आणि चकाकती बाजू खाली ठेवा. वर ठेवली तर दोन-तीन वर्षांत धूळ बसते, आणि धूळ बसलेलं फॉइल म्हणजे महागडा कागद.

दुसऱ्या वेळी काम एका फॅब्रिकेशनवाल्या मामांनी आणि त्यांच्या दोन पोरांनी केलं. मामांनी आत येऊन वर बघितलंच नाही. शिडी लावून आधी छतावर चढले. खाली उतरून म्हणाले, "ताई, आतलं नंतर. आधी वरचं." दोन दिवस नुसतं वरचंच काम चाललं. पत्रा घासला, गंज तारेच्या ब्रशनं काढला, स्क्रूंखालचे रबरी वॉशर वाळून तडकले होते ते बदलले, प्रायमर मारला आणि वर उष्णता परतवणारा पांढरा रंग दोन हात. इन्सुलेशनचं पहिलं काम हेच आहे आणि सगळ्यांत स्वस्तही. जी उष्णता पत्र्यात शिरलीच नाही ती पुढे अडवायची गरज नाही. पांढऱ्या रंगानं जुन्या पत्र्याचं दुपारचं तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज उतरतं. अहमदाबादेत झोपडपट्ट्यांच्या छतांवर हेच करण्याची मोहीम झाली, आणि तेलंगणानं २०२३ मध्ये छतांसाठी वेगळं धोरणच केलं. तुमचं बजेट एवढंच असेल तर एवढंच करा. स्लॅबवर चुना चालतो. जस्ताच्या पत्र्यावर नको, ओला चुना जस्ताला खातो आणि पहिल्या पावसात निम्मा वाहूनही जातो.

याहून स्वस्त उपाय आपल्याकडे पूर्वीपासून आहेतच. पत्र्याच्या वर फूटभर अंतरावर हिरवी शेडनेट ताणायची, किंवा मांडव करून दोडक्याचा वेल चढवायचा. वेल पत्र्यावरच पसरू दिला तर पानं कुजून पत्रा गंजतो, म्हणून अंतर हवं. उसाचं पाचट, तुराट्या टाकूनही फरक पडतो, पण त्यात उंदीर, साप आणि विडीची ठिणगी या तिन्हींची सोय होते.

मग आतलं काम. पाइपांखाली फॉइल, चकाकती बाजू खाली. त्याखाली तीन इंच मोकळी जागा, आणि त्या जागेला दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. त्याखाली दोन इंची थर्माकोल. सगळ्यांत खाली सिमेंट बोर्ड. माझ्या खोलीत हे चार दिवसांत झालं. पुढच्या मेमध्ये टेप लावून मोजलं तेव्हा पत्रा ५० आणि डोक्यावरचा बोर्ड ३८. टाळू भाजणं त्या दिवशी थांबलं.

थर्माकोलच का, पफ का नाही? पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम, शीतगृहाच्या भिंतींत असतो तो. इंचाला इंच लावून बघितलं तर तो थर्माकोलपेक्षा सरस आहे. जे काम थर्माकोल तीन इंचांत करील ते पफ दोन इंचांत करतो. छत मुळात बुटकं असेल आणि एकेक इंच मोलाचा असेल तर पफ घ्यावा. नवीन शेड मारणार असाल तर वर-खाली रंगीत पत्रा आणि मधे पफ असं तयार सँडविच पॅनेलच टाका. पुढे आतून काही करायची गरज उरत नाही. पण पत्रा आधीच आहे आणि उंची बरी आहे, तर मी दोन-तीन इंची थर्माकोलच्या बाजूनं आहे.

स्प्रे पफ हा आणखी एक प्रकार. गाडी येते, दोन पिंपांतली रसायनं पाइपातून एकत्र येतात, पत्र्यावर फवारली की डोळ्यांदेखत फुगून घट्ट होतात. फट म्हणून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. माझं मन तरी त्याला धजत नाही. पत्रा गंजका किंवा तेलकट असेल तर फोम धरत नाही. पुढे पत्रा बदलायचा झाला तर फोम तासून काढावा लागतो. गळती झाली तर पाणी फोममागून वाट काढतं आणि भलतीकडेच टपकतं. फवारताना मधला एक घटक श्वसनाला घातक असतो, म्हणून फवारणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधलेला दिसला तर काम थांबवा. त्याला रसायनांसाठीचा योग्य मास्क हवा, आणि घरच्यांनी निदान एक दिवस त्या खोलीत जायचं नाही. उन्हात उघडा राहिलेला पफ पिवळा पडून भुगा होतो, त्यामुळे त्यावर लेप हवाच. शिवाय एकाच दमात जाड थर फवारला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि फोम आतून करपू शकतो. जाणता कारागीर थराथरानं फवारतो.

तिसरं साहित्य रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू. जळत नाही आणि आवाज चांगला शोषतं. पण ओलं झालं की निकामी, आणि आपल्या पत्र्यांवर कोरडेपणाची हमी कोण देणार? कोकणात तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

कोकणावरून घाम आठवला. तिथे, आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, पत्र्याचा त्रास नुसता उकाड्याचा नाही. रात्री आकाश निरभ्र असलं की पत्रा स्वतःची उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षाही गार होतो. २५ अंशांच्या, ८० टक्के दमट हवेला २१ अंशांचा पृष्ठभाग लागला की पाणी सुटतं. पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि वह्या-पुस्तकांवर, शिलाई मशिनवर थेंब पडतात. लोक गळती समजून वरून डांबर फासत बसतात. तिथे आतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोचू न देणं हे खरं काम. बंद कप्प्यांचा फोम, आणि प्रत्येक सांध्यावर फॉइलची टेप. एक बोटभर फट राहिली तरी वाफ तिथून वर जाते आणि पाणी तिथे साचतं.

सांधे हा सगळीकडचाच कच्चा दुवा. थर्माकोलच्या शीटा एकमेकींना नीट टेकल्या नाहीत, पाइपाजवळ दोन बोटं जागा राहिली, तर तेवढ्यातून झळ येते. आमच्या कामात मामांचा धाकटा पोरगा प्रत्येक फटीत फोमची नळी घालत होता. नळी संपली तेव्हा काम थांबवून दुकानात गेला. घाईतल्या कारागिराकडून हे होत नाही, आणि बोर्ड लागल्यावर कोणाला दिसतही नाही. म्हणून बोर्ड लावायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः शिडीवर चढून बॅटरी मारून बघा. फोटो काढून ठेवा, पुढे वाद झाला तर कामी येतात.

थर्माकोल कसला आणला, तेही बघून घ्या. टीव्हीच्या खोक्यात येतो तो हलका माल दाबला की खळगा पडतो आणि कडा झडतात. बांधकामाला घनता जास्त लागते. कोटेशनमध्ये "१५ घनतेचा" (म्हणजे घनमीटरला १५ किलो) असं लिहून घेतलं असेल तर पडताळणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते: एक मीटर बाय अर्धा मीटरची दोन इंची शीट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. दोनशे भरली तर माल परत. मी तीन शीटा मोजल्या. मामा हसले, पण म्हणाले, "बरोबर आहे, मोजाच." राज्यात थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे ना, असं बरेच जण विचारतात. ती ताटं-वाट्या आणि मखरांसारख्या सजावटीवरची. इन्सुलेशनचा माल मिळतो.

आगीबद्दल मात्र थोडं दमानं वाचा. साधा थर्माकोल पेटतो आणि पेटलेले थेंब खाली पडतात. पफचा धूर विषारी असतो. म्हणून माल आग न धरणाऱ्या प्रतीचा मागायचा, तसं बिलावर लिहून घ्यायचं, आणि तरीही त्याच्याखाली न जळणारा बोर्ड असलाच पाहिजे. नुसता थर्माकोल चिकटवून रंग मारून देणारे आहेत. त्यांना हात जोडा. खोलीत वेल्डिंग व्हायचं असेल तर ते आधी उरकून घ्या. आणि वायरी! थर्माकोलला टेकलेल्या वायरीच्या प्लास्टिकमधला मऊपणा आणणारा घटक हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतो. वायरीचं आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकतं. सगळ्या वायरी पाइपातूनच न्यायच्या, आणि छतात बसवलेला दिवा थर्माकोलपासून लांब.

तुमचा पत्रा सिमेंटचा असेल, जुना करड्या रंगाचा, तर वेगळीच गोष्ट. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि आपल्याकडे त्यावर बंदी नाही. जागेवर स्वस्थ आहे तोवर फारसा त्रास नाही. भोकं पाडली, घासला, कापला की त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि तिचे आजार कित्येक वर्षांनी उगवतात. तो घासायचा नाही. आतलं छत त्या पत्र्याला न टांगता भिंतींवर टेकवलेल्या वेगळ्या सांगाड्यावर उभं करायचं. पहिल्याच दिवशी ड्रिल घेऊन चढणारा कारागीर बदललेला बरा.

रात्रीचा मुद्दा राहिला होता. उघडा पत्रा दिवसा भट्टी, पण सूर्य मावळल्यावर तासाभरात गार. खोलीतली उष्णता त्याच्यातून आकाशात निघून जाते. इन्सुलेशन केल्यावर ती वाट बंद होते. इकडे पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर तापलेली असते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. मग लोक म्हणतात, "एवढे पैसे घातले आणि रात्री जास्तच उकडतं." खरं बोलतात ते. उपाय साधा आहे: दिवेलागणीला दोन्ही खिडक्या उघडायच्या, वरच्या बाजूला गरम हवा जायला झरोका किंवा एक्झॉस्ट ठेवायचा, आणि सकाळी नऊला सगळं बंद. इन्सुलेशन खोली थंड करत नाही. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर जायला वेळ लावतं, एवढंच. पंधरा मुलं बसली की प्रत्येकाची शंभर वॅट धरून दीड हजार वॅट आतूनच तयार होतात. त्यांना बाहेर काढायला हवा खेळती हवी, किंवा कुलर-एसी. माझ्याकडे कुलर आहे. लातूरच्या कोरड्या मेमध्ये तो आता पुरतो, पूर्वी पुरत नव्हता.

प्रत्येक शेडला हा खर्च करायचाही नसतो. कांदा चाळीला इन्सुलेशन कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कांद्याला खालून-बाजूनं वारा लागतो. रेशीम किड्यांचं शेड मात्र अगदी उलट. त्यांना २४ ते २८ अंश आणि दमट हवा लागते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पत्र्याखाली ते जमत नाही. गाई-म्हशींच्या गोठ्याला पांढरा रंग आणि उंच छप्पर बहुतेक वेळा पुरतं.

कोटेशन मागताना "पूर्ण खोलीचं किती" असं विचारू नका, म्हणजे चौरस फुटाचा एक आकडा मिळतो आणि त्यात काय आहे हे देवालाच माहीत. जाडी, घनता, आगीची प्रत, फॉइलखालची मोकळी जागा, सांध्यांची टेप, बोर्डचा प्रकार, वायरिंगचा पाइप हे सगळं ओळीनं लिहून मागा. दोन कोटेशनं समोर आली की प्रत्येकाच्या मालाचा रोध काढा, मघाच्या भागाकारानं, आणि रुपयांना त्या रोधानं भागा. स्वस्त वाटलेलं पुष्कळदा महाग निघतं. शेवटचे पैसे पाऊस पडल्यावर देण्याचं ठरवा. काम दिवाळीनंतर आणि शिवरात्रीआधी काढा. मार्चनंतर हे लोक फोन उचलत नाहीत, आणि पत्र्यावर चढणाऱ्यालाही जीव आहे.

आणखी एक मामांचं ऐका. सगळे बोर्ड पक्के करू नका. एक कोपऱ्यातला बोर्ड चार स्क्रूंवर उघडता येईल असा ठेवा. मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं. पहिला वळवाचा पाऊस आला. पूर्वी पत्र्यावर सर वाजली की शिकवणं बंद ठेवावं लागायचं. थर्माकोल आवाज फारसा अडवत नाही, पण खालचा बोर्ड अडवतो, त्यामुळे तास चालू होता. तेवढ्यात फळ्याच्या वरच्या बाजूला चहाच्या बशीएवढा ओला डाग उमटला. मामांना फोन केला, ते आले, चार स्क्रू काढले, हात आत घालून म्हणाले, "एक वॉशर राहिला, ताई."